विश्लेषण : आधी मैदान की आधी पेपर? पोलीस भरतीतला क्रम कोणाला आत घेतो, कोणाला बाहेर ठेवतो?

राज्यातील १५ हजार ६३१ पदांच्या पोलीस भरतीसाठी अर्ज भरण्याची मुदत डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात संपली. आता उमेदवारांचे लक्ष मैदानी चाचणीच्या तारखांकडे लागले आहे. कागल तालुक्यातील मुरगूडसारख्या गावात ही प्रतीक्षा सहज दिसते. निपाणी–राधानगरी रस्त्याच्या कडेने पहाटेच्या अंधारात धावणारी पोरे, हातात मोबाईलचे स्टॉपवॉच, आणि दिवसभर अभ्यासिकेत अंकगणित व मराठी व्याकरण. यातील अनेकांनी एकाच वर्षात दोन अर्ज भरलेले असतात. एक अग्निवीरचा, दुसरा पोलीस शिपाई पदाचा. दोन्हीकडे १६०० मीटर धावायचे आहे आणि दोन्हीकडे लेखी परीक्षा आहे. फरक इतकाच, की लष्करात आधी पेपर आणि मग मैदान, तर महाराष्ट्र पोलिसांत आधी मैदान आणि मग पेपर. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या फरकामुळे निवड यादीतील नावे बदलू शकतात. ती कशी, ते पाहू.

भरती नेमकी कशी होते?

ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी मिळालेल्या या भरतीत पोलीस शिपायांची १२ हजार ३९९, सशस्त्र पोलीस शिपायांची २ हजार ३९३, कारागृह शिपायांची ५८०, चालकांची २३४ आणि बँड्समनची २५ पदे आहेत. शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण ही अट आहे. वय खुल्या प्रवर्गासाठी १८ ते २८ आणि मागास प्रवर्गांसाठी ३३ पर्यंत. अर्ज करणाऱ्यांत पदवीधर मोठ्या संख्येने असतात, अभियंतेही असतात.

पहिला टप्पा ५० गुणांच्या मैदानी चाचणीचा. मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी गुणांची विभागणी तीच. यात किमान निम्मे, म्हणजे २५ गुण मिळवावेच लागतात. मात्र २५ मिळाले म्हणून पेपरला बसता येते असे नाही. प्रत्येक प्रवर्गात जितकी पदे, त्याच्या दहापट उमेदवार मैदानाच्या गुणवत्तेनुसार लेखी परीक्षेला बोलावले जातात. यालाच भरतीच्या भाषेत ‘१:१०’ म्हणतात. लेखी परीक्षा १०० गुणांची, ९० मिनिटांची आणि ओएमआर उत्तरपत्रिकेवर असते. किमान ४० टक्के गुण लागतात. अंतिम यादी दोन्हींच्या बेरजेवर, म्हणजे १५० गुणांवर लागते.

म्हणजे अंतिम यादीत मैदानाचे वजन एक तृतीयांश आहे आणि पेपरचे दोन तृतीयांश. पण पेपरपर्यंत कोण पोहोचणार, हे एकटे मैदान ठरवते.

दोन सेकंदांची किंमत

हे उदाहरणाने पाहू. एखाद्या प्रवर्गात १० जागा आहेत असे धरा. लेखी परीक्षेला १०० जण बोलावले जातील. मैदानाचा कटऑफ ४४ वर थांबला, असे समजू.

पहिल्या उमेदवाराने १६०० मीटर अंतर ५ मिनिटे १२ सेकंदांत कापले. नियमानुसार ५ मिनिटे १० सेकंद किंवा त्याहून कमी वेळेला पूर्ण २० गुण आहेत. त्यापुढे ५ मिनिटे ३० सेकंदांपर्यंत १८. त्याला १८ मिळाले. उरलेल्या दोन प्रकारांत १२ आणि १२. एकूण ४२. अभ्यासात हा मुलगा हुशार आहे, पेपरला बसला असता तर ८८ गुण मिळवले असते. बेरीज १३० झाली असती. पण तो पेपरला बसलाच नाही.

दुसऱ्याला मैदानावर ४७ मिळाले. पेपरमध्ये ७६. बेरीज १२३. तो निवडला गेला.

आता क्रम उलटा करा. आधी पेपर झाला असता तर पहिला ८८ गुणांसह पुढे आला असता, मैदानावर ४२ मिळवून यादीत दुसऱ्याच्या वर गेला असता. मुले तीच, गुण तेच, परीक्षाही तीच. चाळण्यांचा क्रम तेवढा बदलला.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी गुणांच्या तक्त्यात दिसते पण फारशी बोलली जात नाही. धावण्याचे गुण २० सेकंदांच्या पायऱ्यांनी उतरतात. ५ मिनिटे ११ सेकंद घेणारा आणि पूर्ण साडेपाच मिनिटे घेणारा, दोघांनाही १८ गुण. पण ५:१० आणि ५:११ यांत २ गुणांचे अंतर. धावपटूंच्या पायातील चिपने वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजता येते. मोजमाप इतके बारीक आणि गुणदान इतके जाड, हे जुन्या स्टॉपवॉचच्या काळातून आलेले आहे. दर सेकंदाला गुणाचा अंश देणे आजच्या यंत्रणेत अवघड नाही. पेपरला बोलावण्याचा कटऑफ एकेका गुणावर ठरत असेल, तर ही पायरी ठेवण्याचे समर्थन कठीण आहे.

मग सरकारने मैदान आधी का ठेवले?

कारण गर्दी. २०२४ च्या भरतीत १७ हजार ४७१ पदांसाठी १७ लाख ७६ हजारांवर अर्ज आले होते. एका जागेमागे शंभराहून अधिक. एवढ्या सगळ्यांचा पेपर आधी घ्यायचा तर तेवढी बाके, तेवढे पर्यवेक्षक, तेवढ्या प्रश्नपत्रिकांची वाहतूक आणि तेवढा बंदोबस्त लागेल. मैदान आधी घेतले की १:१० च्या हिशोबाने पेपरला पावणेदोन लाखांच्या आसपास उमेदवार उरतात. परीक्षा सांभाळण्याजोगी होते.

पेपर आधी घेतल्यावर काय होऊ शकते, याचे सर्वात मोठे उदाहरण उत्तर प्रदेशचे आहे. तिथे ६० हजार २४४ शिपाई पदांसाठी ४८ लाखांवर अर्ज आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन दिवसांत लेखी परीक्षा झाली, पेपर फुटला आणि सगळी परीक्षाच रद्द करावी लागली. ऑगस्टमध्ये ती पाच दिवसांत विभागून पुन्हा घेतली गेली. महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. २०१९ मध्ये राज्याने नियम बदलून लेखी परीक्षा आधी आणली होती. त्या नियमाने झालेल्या भरतीत, नोव्हेंबर २०२१ मध्ये, पिंपरी-चिंचवडच्या परीक्षेला आलेल्या एका उमेदवाराच्या मास्कमध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्र दडवलेले सापडले. करोनामुळे मास्क सक्तीचा होता, त्याचाच हा उपयोग. २०२२ मध्ये नियम पुन्हा बदलला आणि मैदान पुढे आले.

मैदान आधी आल्याने गैरप्रकार थांबले असे नाही, त्यांची जागा बदलली. २०२३ च्या मैदानी चाचण्यांच्या वेळी उत्तेजक इंजेक्शनांच्या तक्रारींनी काही जिल्ह्यांत खळबळ उडाली होती. जी चाळणी पहिली, तिच्यावरच दबाव येतो.

पाऊस पडला तर गुण कोण भरून देणार?

१९ जून २०२४ पासून राज्यात मैदानी चाचण्या सुरू झाल्या, त्या ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. उमेदवारांनी आणि विरोधकांनी तारखा पुढे ढकलण्याची मागणी केली. जिथे पावसामुळे चाचणी शक्य नाही तिथे पुढची तारीख दिली जाईल, असे गृह विभागाने सांगितले. धावताना कोसळून उमेदवार दगावल्याची बातमीही त्याच काळात आली.

पावसाचा मुद्दा गुणांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. एकेका जिल्ह्यात मैदानी चाचणी कित्येक दिवस चालते. कोणी कोरड्या ट्रॅकवर सकाळी सहाला धावतो, कोणी आदल्या रात्रीच्या पावसाने जड झालेल्या मातीत, कोणी दुपारच्या उन्हात. सगळ्यांच्या वेळा एकाच तक्त्याने मोजल्या जातात.

लेखी परीक्षा अनेक सत्रांत झाली की मात्र सरकार ‘सामान्यीकरण’ करते. म्हणजे सोप्या सत्रातील गुण थोडे खाली आणि अवघड सत्रातील थोडे वर आणले जातात. तलाठी भरतीत हे सगळ्यांनी पाहिले. २०२३ मध्ये ४ हजार ६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ५७ सत्रांत परीक्षा झाली आणि निकालात एका उमेदवाराला २०० पैकी २१४ गुण दिसले. राज्यभर हसे झाले, संतापही झाला. तांत्रिकदृष्ट्या असा आकडा येऊ शकतो, कारण सूत्र सत्रांची एकमेकांशी तुलना करते आणि कमाल गुणांची भिंत त्याला ठाऊक नसते. पण ज्याने १००० रुपये शुल्क भरून परीक्षा दिली त्याला हे आधी कोणी समजावले नव्हते.

पोलीस भरतीत पेपरच्या बाबतीत हा घोळ होत नाही, कारण एका घटकातील सर्वांचा पेपर एकच असतो. मैदान मात्र वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हवामानात होते आणि त्याला कोणतेही सामान्यीकरण नाही. ते करावे की नाही यावर दुमत असू शकते. किमान पावसाळा टाळून चाचणी घेणे हा साधा उपाय तरी हाताशी आहे. यंदा अर्ज हिवाळ्यात संपले, त्यामुळे उमेदवारांच्या नशिबाने ही वेळ बरी आहे.

जिल्हा कोणता निवडायचा?

एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. घटक म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय किंवा शहर आयुक्तालय. त्यामुळे मुरगूडच्या मुलापुढे अर्ज भरतानाच पहिला पेच उभा राहतो. कोल्हापूर भरायचे, की मुंबई, की आणखी कुठले?

कोल्हापूर घराजवळ. पण तालमी, कुस्ती आणि लष्कराची परंपरा असलेल्या या जिल्ह्यात मैदान तापलेले असते, हा उमेदवारांचा ठाम समज आहे. शिरोळ तालुक्यात गावाच्या नावातच सैनिक असलेली टाकळी आहे. मुरगूडमध्ये सदाशिवराव मंडलिक यांच्या नावाचे कुस्ती संकुल आहे आणि तिथे मुलीही मॅटवर घाम गाळतात. गंमत अशी, की वजनदार मल्ल गोळा लांब फेकतो, पण १६०० मीटरमध्ये मागे पडतो. गोळ्याचे १५ आणि धावण्याचे २० असा हिशोब असल्याने आखाड्यातील कमाई इथे तशीच्या तशी चालत नाही.

मुंबईत जागा जास्त असतात. पण प्रवास, राहणे आणि पुढे नोकरीचे ठिकाण हा विचार येतोच. मुरगूडहून कोल्हापूर पन्नासएक किलोमीटर. पहाटे मैदानावर हजर राहायचे तर आदल्या रात्रीच निघावे लागते. मुंबईच्या मैदानासाठी आलेली मुले रेल्वे स्थानकावर, फुटपाथवर झोपल्याची छायाचित्रे मागच्या भरत्यांत सर्वांनी पाहिली आहेत. अपुऱ्या झोपेने धावणाऱ्याचे दोन सेकंद कुठे जातात, हे वेगळे सांगायला नको.

जागा जाहीर झाल्यावर प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक प्रवर्गात मागच्या वेळी मैदानाचा कटऑफ किती होता हे एका ठिकाणी सहज मिळाले, तर हा पेच बराच सुटेल. आज ही माहिती घटकांच्या वेगवेगळ्या पीडीएफ यादीत विखुरलेली असते. ती जुळवण्याचे काम अकॅडम्या करतात आणि त्यावर आपला धंदा चालवतात.

इतर ठिकाणी काय पद्धत आहे?

तीन वेगळे मार्ग दिसतात.

दिल्ली पोलिसांची शिपाई भरती कर्मचारी निवड आयोग घेतो. तिथे आधी संगणकावर १०० गुणांची परीक्षा होते. मैदान नंतर आणि ते फक्त पात्रतेपुरते. ३० वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १६०० मीटर सहा मिनिटांत पूर्ण करायचे. पाच मिनिटांत केले तरी जादा गुण नाहीत. उत्तर प्रदेशातही ४.८ किलोमीटर २५ मिनिटांत हा पात्रतेचाच निकष आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर १५ मीटर अंतरावर ये-जा करत ठरावीक पातळी गाठायची असते. गाठली की उत्तीर्ण.

दुसरा मार्ग लष्कराचा. २०२३ पूर्वी आधी मेळावा भरायचा, हजारो मुले एकाच शहरात उतरायची. अग्निवीरसाठी २०२३ पासून आधी ऑनलाइन परीक्षा घेतली जाते, तिचे निम्मे शुल्क लष्कर भरते आणि उमेदवाराला २५० रुपये द्यावे लागतात. मेळाव्यातील गर्दी आणि तिच्या व्यवस्थेचा खर्च कमी व्हावा, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. म्हणजे ज्या गर्दीमुळे महाराष्ट्राने मैदान पुढे आणले, त्याच गर्दीमुळे लष्कराने ते मागे नेले. दोघांचेही गणित आपापल्या जागी बरोबर आहे. लष्कराकडे ऑनलाइन परीक्षा केंद्रांचे जाळे भाड्याने घेण्याची सोय झाली. पोलिसांकडे जिल्ह्याजिल्ह्यात स्वतःचे मैदान आणि मनुष्यबळ आहे.

तिसरा मार्ग महाराष्ट्राचा. मैदान आधी आणि त्याचे गुणही अंतिम यादीत. म्हणजे मैदान दोनदा मोजले जाते. एकदा दार म्हणून, एकदा गुण म्हणून.

शिपायाच्या रोजच्या कामाकडे पाहिले तर हा प्रश्न अधिक टोकदार होतो. बंदोबस्तात तासन्‌तास उभे राहणे, गस्त, पंचनामा लिहिणे, संगणकावर गुन्ह्याची नोंद, समन्स बजावणे, रस्त्यावरचा वाद शांत करणे. यात दमसास लागतो हे खरे. पण ५:१० आणि ५:२० मध्ये धावणाऱ्या दोघांच्या कामात काय फरक पडेल? निवड चाचण्यांवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेणारा फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांचा १९९८ चा लेख या क्षेत्रात अजूनही आधार मानला जातो. कामगिरीचा अंदाज सांगण्यात सर्वसाधारण बौद्धिक क्षमतेची चाचणी आणि तिच्या जोडीला प्रत्यक्ष कामाचा नमुना किंवा एकाच साच्यातली मुलाखत उपयोगी पडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पोलीस शिपाई भरतीत मुलाखत नाही आणि आपल्याकडे ती नसलेलीच बरी, असे बहुतेक उमेदवार म्हणतील. मुलाखत म्हटली की चिठ्ठी आणि फोन आठवतात.

चिठ्ठीचा विषय निघाला म्हणून

कोल्हापूरसारख्या सहकाराच्या जिल्ह्यात नोकरीचा दुसरा रस्ता साखर कारखाना, दूध संघ, बँक, पतसंस्था असा जातो. तिथे ‘कोणाचा माणूस’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या भरतीवरील तक्रारींनंतर राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ अखेर आदेश काढला. या बँकांची भरती आयबीपीएस, टीसीएस किंवा एमकेसीएल यांच्यामार्फत ऑनलाइन घ्यावी आणि ७० टक्के जागा त्या जिल्ह्यातील रहिवाशांसाठी ठेवाव्यात, असे त्यात आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत चित्र वेगळे. आयटीआयचे प्रमाणपत्र असेल तर कंत्राटदाराचा फोन येतो, दोन दिवसांत मुलगा शॉपवर उभा असतो. चाळणी जवळजवळ नाही, पण कायम होण्याची हमीही नाही. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार ६ ते १० हजार रुपये विद्यावेतन मिळाले, सहा महिन्यांची मुदत नंतर पाच महिन्यांनी वाढली. मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी कायम करण्याच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले.

या सगळ्यांशी तुलना केली तर पोलीस भरती गावाकडच्या मुलाला जवळची का वाटते, ते कळते. वेळ घड्याळ सांगते, अंतर टेप सांगतो. ओळख लागत नाही. मैदान आधी ठेवण्याच्या बाजूचा हा सर्वात मजबूत मुद्दा आहे आणि क्लास लावण्याइतके पैसे नसलेल्या घरांतून तो हमखास ऐकू येतो. धावायला रस्ता पुरतो.

खरी अडचण कशात आहे?

क्रम कोणताही ठेवला तरी त्याचे फायदे-तोटे आहेत. तयारी करणाऱ्याला सर्वाधिक महागात पडतो तो क्रमातील बदल. २०१९ पूर्वी मैदान १०० गुणांचे होते, मुलांना लांब उडी आणि पुलअप्सही असत. २०१९ मध्ये ते ५० गुणांवर आले आणि पेपरनंतर गेले. २०२२ मध्ये ५० गुण तसेच राहिले, पण मैदान पुन्हा आधी आले. २०१८ मध्ये अठरा वर्षांचा झालेला मुलगा खुल्या प्रवर्गातून २०२५ च्या भरतीत उतरला असेल, तर त्याने तीन वेगवेगळे नियम पाहिले. पुलअप्सचा सराव वाया गेला, नंतर पुस्तकांवर भर दिला, मग पुन्हा सगळा दिवस ट्रॅकवर. मधली दीड-दोन वर्षे करोनाने खाल्ली.

याची दखल सरकारने एका मर्यादेत घेतली आहे. २०२२ ते २०२५ या वर्षांत वयाची अट ओलांडलेल्या उमेदवारांना या भरतीत एक वेळची विशेष बाब म्हणून अर्ज करू दिला आहे. क्रमाला मात्र हात लावलेला नाही. यंदाही मैदान आधी, १:१०, मग पेपर.

उमेदवारांनी प्रवेशपत्र आणि मैदानाची तारीख भरतीच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावी. व्हॉट्सॲपवर फिरणारी वेळापत्रके तपासल्याशिवाय एसटीचे तिकीट काढू नये. वयाच्या विशेष सवलतीवर अर्ज भरलेल्यांसाठी सध्याच्या आदेशानुसार ही शेवटची संधी आहे. त्यांना १६०० मीटर एकदाच धावायचे आहे.